झोम्लेची शर्यत

"अगं, मानेला नको, पोटाखालून धर," एमोके मला तिसऱ्यांदा सांगत होती. तिच्या हातातलं सॉसेज उन्हानं पाझरायला लागलं होतं.

"मी काय पहिल्यांदा कुत्रा धरतेय?" मी म्हणाले. खरं तर पहिल्यांदाच धरत होते. "तू जा बाई पलीकडे. आणि हाक मारताना जरा हसून मार. असलं तोंड करून बोलावलंस तर मीसुद्धा येणार नाही."

ती हसली नाही. लाल टी-शर्ट खाली ओढत, गुडघे सांभाळत ती मैदानाच्या पलीकडच्या टोकाला चालत गेली. टी-शर्टवर मागे मोठ्या अक्षरांत आम्ही काम करतो त्या गरम पाण्याच्या कुंडांचं नाव होतं. झोम्लेच्या पाठीवरही तसलंच लाल जाकीट होतं, आणि ते त्याला अजिबात आवडलेलं नव्हतं. झोम्ले म्हणजे आमच्याकडची पावाची लादी. हा तसाच, वरून खरपूस, पोटाकडे पांढुरका. लादीला चार पाय लावले की झाला झोम्ले.

दर ऑगस्टात, कुत्र्यांचा पाठीराखा असलेल्या रोकुस संताच्या दिवसाच्या आगेमागे, फुटबॉलच्या मैदानावर कुत्र्यांचे खेळ होतात. अग्निशमन दलाची हौशी मंडळी ते भरवतात. प्रत्येक जातीचा खेळ वेगळा. पग धावले तर त्यांना धाप लागते, म्हणून त्यांनी नुसतं चालायचं. यंदा एक पग निम्म्या वाटेत आडवा झाला, आणि त्याला उठवायला गेलेला मालकही दमून त्याच्याशेजारी गवतावर पडून राहिला. बीगलांनी सॉसेजच्या ताटल्यांच्या दोन रांगांमधून तोंड न लावता यायचं. आमच्या खाटकाचा बीगल दर वर्षी सगळ्या ताटल्या चाटूनपुसून मगच डुलत डुलत येतो, आणि टाळ्याही त्यालाच जास्त पडतात. विज्ला कुत्री हौदात उड्या मारतात. पुलींना अडथळ्यांवरून पळवतात. त्या केसांच्या गुंत्यात तोंड कुठल्या बाजूला आहे हे पुली पळायला लागल्यावरच कळतं. पण माणसं लोटतात ती डॅशहुंडांसाठी. आखूड पाय, लांबच लांब धड आणि गर्व मात्र घोड्याचा.

डॅशहुंडांचा नियम एकच. या टोकाला कुणीतरी कुत्रा धरून ठेवायचा, त्या टोकाला मालकानं उभं राहून हाका मारायच्या. शिट्टी फुंकली की सोडायचा. बास. त्याला ज्याच्याकडे जायचंय त्याच्याकडे तो जातो, मधे कुणाचं काही चालत नाही.

एमोकेला यात पडायचंच नव्हतं. तिच्या मागे लागले ते आमचे मॅनेजर साबोल्च साहेब. गेली दोन वर्षं टायरच्या दुकानवाल्याचा कुत्रा जिंकत होता आणि टायरवाल्याचं नाव माइकवर घेतलं जात होतं, ते साहेबांच्या डोळ्यांत खुपत होतं. "आपल्या कुंडांचा एक तरी कुत्रा पाहिजे की नको?" असं त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं. सगळ्यांना माहीत होतं की डॅशहुंड एमोकेकडे आहे. ती म्हणाली, "साहेब, तो माझा नाही. बाबांचा आहे." तर मीच म्हणाले, "अगं, आता तुझाच ना? भाकरी तू घालतेस." माझी जीभ अशीच. नंतर कितीदा वाटलं, त्या दिवशी ती दाताखाली धरली असती तर.

एमोके आमच्या गरम पाण्याच्या कुंडांवर केबिनवाली आहे. मी तिकीट खिडकीत बसते, ती आत. लोक येतात, कपडे केबिनमध्ये ठेवतात, ती किल्ली लावते, परत आले की उघडून देते. कुणाचं कुठलं केबिन हे ती कधी विसरत नाही. उघड्या अंगाचा, भिजलेला, चष्मा नसलेला माणूस आला तरी ती त्याच्याकडे न बघता बरोबर दार उघडते. आयुष्यभर तिनं हेच केलं. नवरा सोडून गेला त्याच्या दुसऱ्या दिवशीही ती सकाळच्या पाळीला हजर होती, आणि एकही किल्ली चुकली नव्हती.

तिचे वडील वेंडेलकाका. कुंडांना जमिनीखालचं गरम पाणी पुरवणारा पंप त्यांनी सांभाळला, निवृत्त होईपर्यंत. मी नवी लागले तेव्हा खिडकीत कुडकुडत बसायचे, तर त्यांनी कुणाला न विचारता गरम पाण्याची एक नळी माझ्या पायांखालून फिरवून दिली. अजून आहे ती. दोन वर्षांपूर्वी त्यांचं खुब्याचं हाड मोडलं, त्याआधी एकदोनदा गॅस चालू राहिला होता, आणि एमोकेनं त्यांना गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात ठेवलं. त्यात कुणी तिला नावं ठेवली नाहीत. पाळ्या करून एकटीनं काय काय बघायचं?

पहिल्यांदा ती दर रविवारी जायची. मग हिवाळ्यात एक दिवस माझ्या खिडकीशी उभी राहून म्हणाली, "बाबा आता मला ओळखत नाहीत, क्लोटी." मी तिला आत बोलावलं, माझ्या खुर्चीवर बसवलं, कॉफी दिली, स्वतःच रडले. दुसऱ्या दिवशी सगळ्या कुंडांवर कळलं. कुणी तिच्यासाठी खसखशीचा रोल करून आणला, कुणी तिची पाळी घेतली. रविवारी ती गेली नाही तर कुणी विचारलं नाही. ओळखतच नाही त्याच्याकडे जाऊन काय करायचं, असं आम्हीच एकमेकींना सांगत होतो. आणि मला तर ते सोयीचंच होतं. पोटच्या पोरीला ओळखत नाहीत ते मला काय ओळखणार, असं म्हणून मीही एकदा फिरकले नाही. पायाखाली त्यांची नळी घेऊन बसले होते मजेत.

तर शर्यत.

सहा कुत्रे होते. टायरवाल्याचा काळा तुळतुळीत कुत्रा माझ्या डाव्या हाताला गुरगुरत होता. झोम्ले मात्र शांत होता. फक्त त्याचं नाक चाललं होतं, वर, बाजूला, परत वर. मला वाटलं, गाडीवर तळत असलेल्या लांगोशच्या पुऱ्यांचा वास असेल. पलीकडे एमोके सॉसेज हलवत उभी होती. "झोम्ले, ये. ये रे, झोम्ले." आवाज अगदी कोरडा. तिच्या शेजारी टायरवाला जमिनीवर लोळण घेऊन ओरडत होता.

गेर्गेयनं शिट्टी फुंकली. हा गेर्गेय अग्निशमन दलाचा मुख्य, आणि माइकही त्याच्याच हातात.

झोम्ले सुटला तो बाणासारखा. देवाशपथ, सगळ्यांच्या पुढे होता. कान मागे, पाय दिसेनात. साबोल्च साहेब खुर्चीवर उभे राहिले. निम्म्या अंतरावर त्याला पुसटसा कसला तरी वास लागला असावा, तो थबकला, नाक वर केलं, आणि गर्रकन उजवीकडे वळून दोरीखालून बाहेर पडला.

"अरे, आमच्या कुंडांचा खेळाडू भूक लागून लांगोशच्या रांगेत चाललाय," गेर्गेय माइकवर म्हणाला आणि सगळं मैदान हसलं.

लांगोशच्या गाडीकडे तो गेलाच नाही. गाडीपलीकडे अक्रोडाच्या सावलीत बाकं टाकली होती आणि त्यावर वृद्धाश्रमाची मंडळी बसवली होती. पांढऱ्या कापडी टोप्या घालून, ओळीनं. आधी कधी आणत नाहीत त्यांना. पण यंदा निवडणूक होती ना. निवडणूक आली की आमच्या नगराध्यक्षांना म्हाताऱ्या माणसांना ऊन दाखवावंसं वाटतं. आश्रमाची मंडळी येणार हे मला माहीत नव्हतं, एमोकेला तर नव्हतंच.

मी पट्टा घेऊन पळाले. या वयात, या वजनात मी पळाले, ते बघायलाही निम्मं मैदान वळलं. जाऊन बघते तर झोम्ले एका म्हाताऱ्याच्या मांडीवर चढून त्याची हनुवटी, कान, टोपी, जे मिळेल ते चाटत होता. आणि आवाज काय काढत होता. कुत्रा असा आवाज काढतो हे मला माहीत नव्हतं. लहान मूल हरवून सापडलं की हुंदके देत बोलतं ना, तसलं काहीतरी.

"बास रे. बास, माझ्या लादीच्या तुकड्या," म्हातारा म्हणत होता. "पोट सुटलंय तुझं. कोण एवढं खायला घालतंय तुला?"

वेंडेलकाका होते. वाळले होते, पण तेच.

मी समोर उभी. धाप लागलेली. त्यांनी मान वर केली आणि टोपी मागे सारली. "क्लोटी? काय गं, केवढी जाडी झालीस. नळी चालू आहे का तुझी?"

मला तोंडात कुणीतरी मारल्यासारखं झालं. "आहे, काका," म्हणाले.

"हिवाळ्याआधी तिचा व्हॉल्व बघून घ्यायला सांग. नवीन पोरगा कोण आहे पंपावर? बघत नाही तो." मग मैदानाकडे बघत, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, "ती लाल शर्टातली आमचीच ना? मघापासून बघतोय. गुडघे दुखतायत तिचे, चालण्यावरून दिसतंय. अजून सकाळचीच पाळी करते?"

त्यांच्या शेजारच्या बाकाला खेटून एतेल्काबाई बसल्या होत्या. त्यांचा नवरा ईस्टरपासून आश्रमात आहे, त्या रोज त्याला सूप घेऊन जातात. बाई मनानं चांगली, पण हळू बोलणं तिच्या नशिबात नाही. "हे बघा," त्या आजूबाजूच्या सगळ्यांना म्हणाल्या, "मी म्हणत नव्हते? रोज पत्त्यांत माझ्या नवऱ्याला हरवतात. आणि यांची मुलगी सगळ्या गावात सांगते, बाबा मला ओळखतच नाहीत, म्हणून मी जात नाही. आता काय म्हणायचं याला?"

लांगोशच्या रांगेतली दोघंतिघं पुढे सरकली. मला वाटलं, जमीन दुभंगावी आणि मला पोटात घ्यावं. माझं काय होतं त्यात? पण वाटलं खरं.

वेंडेलकाकांचा हात कुत्र्याच्या पाठीवर थांबला. "असं म्हणाली?" त्यांनी विचारलं. एतेल्काबाईंना नाही, मला.

मी पट्ट्याची कडी उघडझाप करत राहिले. त्यांनी झोम्लेचा कान दोन बोटांत धरून ठेवला.

"मग तसंच असेल," ते म्हणाले.

तेवढ्यात एमोके आली. धावत नाही, चालत. माणसांनी तिला वाट करून दिली आणि ती त्या वाटेतून येत होती, हातात ते सॉसेज तसंच, टाकायचंही सुचलं नव्हतं. तिचा चेहरा त्या शर्टाच्या रंगाचा झाला होता. बाकापुढे येऊन ती उभी राहिली. माइकवर गेर्गेय काहीतरी विनोद करायला गेला आणि मधेच त्यानं आवाज बंद केला. सगळे काकांकडे बघत होते. आता ते काय म्हणतात, यावर तिला गावात तोंड दाखवता येणार की नाही हे ठरणार होतं, आणि हे तिलाही कळत होतं.

काकांनी तिच्याकडे पाहिलं. चांगलं डोळे भरून पाहिलं. मी शेजारीच होते, मला दिसलं. मग भुवया जवळ आणल्या, उन्हाकडे बघतो तसे डोळे बारीक केले, आणि परक्या माणसाशी बोलावं तसं अदबीनं म्हणाले, "बाई, हे कुत्रं तुमचं का?"

एमोकेनं सॉसेज दुसऱ्या हातात घेतलं.

"छान आहे," काका म्हणाले. "वाट चुकून आलं बिचारं. काय नाव त्याचं?"

मला ओरडावंसं वाटलं. वाटलं, सांगून टाकावं सगळ्यांना, आत्ता माझं नाव घेतलं यांनी, व्हॉल्वची आठवण काढली, हिचे गुडघे विचारले. मी एमोकेकडे बघत होते. बोल गं, मनात म्हणत होते, बाबा म्हण, नुसतं बाबा म्हण.

"झोम्ले," एमोके म्हणाली. "माझाच आहे तो."

"घ्या मग." त्यांनी झोम्लेचे पुढचे पाय आपल्या स्वेटरमधून सोडवले. एक नख लोकरीत अडकलं होतं, ते त्यांनी सावकाश, धागा न तुटू देता काढलं. कुत्रा सुटेना. तो पुन्हा वर चढायचा आणि ते पुन्हा त्याला खाली ठेवायचे. तिसऱ्यांदा त्यांनी त्याला मांडीवरून जरा जोरातच ढकललं आणि तोंड फिरवलं. "ऊन आहे, बाई. पाणी पाजा त्याला."

मी पट्टा अडकवला आणि एमोकेच्या हातात दिला. ती "आभारी आहे" म्हणाली. मला की त्यांना, कुणास ठाऊक.

"अरेरे," एतेल्काबाई म्हणाल्या, आणि आता त्यांचे डोळे भरले होते. "आजारच असा हो हा. परक्यांना ओळखतात आणि रक्ताच्या माणसाला नाही. मी उगाच बोलले गं, पोरी. माफ कर." त्यांनी एमोकेच्या पाठीवरून हात फिरवला. मग आणखी एकीनं फिरवला. खाटकाच्या बायकोनं तिला गार सोडा आणून दिला. एमोके सगळ्यांच्या मधे उभी राहून तो सोडा प्यायली. सगळा, शेवटपर्यंत, डोळे मिटून.

काकांनी आश्रमाच्या मुलीला बोलावून सांगितलं की त्यांना दमल्यासारखं होतंय, परत जायचंय. व्हॅन एकच होती, त्यामुळे सगळ्यांनाच जावं लागलं. कलिंगड अजून कापलेलं नव्हतं, आणि टोपीवाले म्हातारे काकांवर करवादत व्हॅनमध्ये चढले.

सोमवारी कुंडांवर जो तो एमोकेला हळू आवाजात विचारत होता. "आम्ही पाहिलं गं. किती सोसतेस." साबोल्च साहेबांनी तर दोन दिवस सुट्टी देऊ केली. ती मान हलवायची आणि किल्ल्यांचा जुडगा घेऊन पुढे जायची. अकराच्या सुमाराला आतून मोठा गलका झाला. तिनं भलतंच केबिन उघडलं होतं, आणि आत नोटरीसाहेब एका पायावर उभे राहून चड्डी घालत होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. बाकीच्या पोटभर हसल्या. मी खिडकी बंद करून आत गेले.

ती शेवटच्या रांगेतल्या रिकाम्या केबिनमध्ये फळीवर बसली होती. मी दार लावून घेतलं. दोघी मावत नव्हतो, माझं पोट तिच्या गुडघ्यांना लागत होतं.

"ओळखतात ते तुला," मी म्हणाले. मला राग आला होता, आणि तो लपवायची मला सवय नाही. "पहिल्यापासून ओळखत होते. आम्हाला सगळ्यांना येडं बनवलंस. मी रडले गं तुझ्यासाठी."

"हो."

"हो काय? का म्हणालीस तसं?"

तिनं किल्ल्या एकावर एक लावल्या. "मी जायचे ना रविवारी," ती म्हणाली, "तर ते कोट घालून बसलेले असायचे. कोट, मफलर, पिशवी मांडीवर. म्हणायचे, चल, मी तयार आहे. रागावून नाही गं. रागावले असते तर बरं. अगदी हसून. बस मिळेल ना, म्हणायचे. मग मी सांगायचे, आज नाही बाबा. तर म्हणायचे, बरं, मग पुढच्या वेळी. आणि माझ्यासमोर कोट काढून खुंटीला लावायचे. दर वेळी. एक हात बाहीत अडकायचा, तो मी काढून द्यायचे." तिनं नाक पुसलं. "एका रविवारी गेलेच नाही. मग पुढच्याही. तू विचारलंस, बाबा कसे आहेत. काय सांगू? तोंडातून निघून गेलं. आणि तू मला खुर्ची दिलीस, कॉफी दिलीस. मग कुणी विचारलंच नाही परत. किती सोपं होतं, क्लोटी. मला वाटलं नव्हतं इतकं सोपं असेल."

माझा राग कुठे गेला कळलं नाही. मला माझीच लाज वाटायला लागली. मी तिला खुर्ची दिली होती हे खरं, पण त्या बदल्यात मीही काहीतरी घेतलंच होतं. मी तिला तसं सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

"तिथे मला बाबा म्हणता आलं असतं," ती म्हणाली. "एवढंच करायचं होतं. ते माझी लाज राखत होते आणि मी राखू दिली."

"बुधवारी सुट्टी आहे ना तुझी?" मी म्हणाले. "मी येते बरोबर."

बुधवारी आम्ही बसनं गेलो. तिनं जर्दाळूचा जॅम घेतला होता, आणि चांगले कपडे घातले होते. कुत्र्यांना आत सोडत नाहीत म्हणून झोम्लेला घरीच ठेवलं होतं. वाटेत ती एकदाच बोलली. "सगळ्यांसमोर सांगणार आहे मी. एतेल्काबाई असतीलच. त्यांच्यासमोर सांगते, म्हणजे संध्याकाळपर्यंत गावभर होईल." मी तिचा हात दाबला. मला तिचा अभिमान वाटला त्या वेळी.

आश्रमाच्या मागच्या बागेत टेबलं मांडली होती आणि काही मंडळी स्वयंपाकघरासाठी शेंगा सोलत बसली होती. वेंडेलकाका एका बाकावर टोपलं मांडीवर घेऊन बसले होते. कोट नव्हता, पिशवी नव्हती. नुसत्या शर्टावर होते, बाह्या दुमडलेल्या, इथलेच झाल्यासारखे. शेजारच्या टेबलाशी एतेल्काबाई नवऱ्याला सूप भरवत होत्या. आम्हाला बघितल्याबरोबर त्यांचा चमचा थांबला. आश्रमाची मुलगीही धुणं वाळत घालता घालता वळली. एमोकेला हवी होती तेवढी माणसं तिथे होती.

काकांनी मान वर केली. त्यांना ती दिसली, आणि क्षणभर त्यांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, झालं, मिटलं सगळं. मग त्यांची नजर एतेल्काबाईंकडे गेली आणि चेहरा पुन्हा आवरला.

"नमस्कार, बाई," ते मोठ्यानं म्हणाले. "कुणाला भेटायचंय?"

एमोके त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. जॅमची बाटली दोन्ही हातांत धरलेली. "बाबा," ती म्हणाली, "मी आहे. मी एमोके."

त्यांनी एक शेंग उचलली, अंगठ्यानं फोडली, दाणे टोपल्यात सोडले. मग बाकावर जरा सरकून तिला जागा केली आणि ती बसल्यावर, मान वर न करता, ओठ न हलवल्यासारखं पुटपुटले. मी बाकामागेच उभी होते म्हणून मला ऐकू आलं.

"हळू बोल. एतेल्का ऐकेल."

"ऐकू दे," एमोके म्हणाली. पण तेही तिनं हळूच म्हटलं.